'ग्रीन क्रूझ' म्हणजे नेमकं काय? नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये शिरण्याआधी वाचा

नॉर्वेच्या सहलींची पत्रकं हल्ली चाळली तर बघावी ती बोट 'ग्रीन' झालेली दिसते. कुणी 'इको-क्रूझ' म्हणतं, कुणी 'हायब्रिड', कुणी 'क्लीन फ्युएल'. फोटो मात्र सगळ्यांचा एकच: दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यांवरून कोसळणारे धबधबे आणि खाली हिरवट पाण्यात एक पांढरीशुभ्र बोट. यातली कुठली खरोखर स्वच्छ आणि कुठली नुसती नावापुरती, हे फोटोवरून कळणं शक्य नाही. थोडं तंत्र समजून घेतलं तर पत्रकातल्या चार ओळींवरून मात्र बऱ्यापैकी कळतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बोट कशावर चालते हे विचारण्याआधी ती केवढी आहे हे विचारावं. बाकीची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघतात.

धूर कोंडतो कसा

फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली खोल दरी, जिच्यात पुढे समुद्र शिरला. नॅरॉयफ्योर्ड सुमारे १७ किलोमीटर लांब आहे आणि सर्वांत अरुंद जागी त्याची रुंदी जेमतेम २५० मीटर भरते. दोन्हीकडे हजार मीटरहून उंच डोंगर. गायरांगरफ्योर्ड १५ किलोमीटरचा. या दोन्ही फ्योर्डना २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली.

अशा घळीत हवा कोंडते. वारा पडलेल्या दिवशी थंड, जड हवा पाण्यालगत बसून राहते. तिच्यावर उबदार हवेचा थर येतो आणि खालची हवा वर सरकूच शकत नाही. हिवाळ्यात सकाळी पुण्या-मुंबईवर जो करडा थर दिसतो, त्यामागेही हेच कारण असतं. फरक इतकाच की फ्योर्डमध्ये बाजूने निसटायलाही वाट नसते. जहाजाने सोडलेला धूर मग तासन्‌तास तिथेच तरंगत राहतो.

जहाज नांगर टाकून उभं राहिलं की धूर थांबतो, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. मोठं क्रूझ जहाज म्हणजे तरंगतं हॉटेल: दिवे, मुदपाकखाना, वातानुकूलन, लाँड्री, पोहण्याचे तलाव. उभ्या उभ्या त्याला साधारण ५ ते १० मेगावॉट वीज लागते, आणि बंदरातून मिळाली नाही तर ती स्वतःचीच इंजिनं चालवून तयार करावी लागते. गायरांगर गावाची कायमची वस्ती दोन-अडीचशे माणसांची आहे. त्या गावासमोर असं जहाज उभं राहिलं की काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

लोक कंटाळले, मोजमापं झाली, आणि २०१८ मध्ये नॉर्वेच्या संसदेने ठराव केला: जागतिक वारशाच्या फ्योर्डमध्ये जहाजांचं उत्सर्जन शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २०२६ पर्यंत, शून्यावर आणायचं. २०१९ पासून नॅरॉय, ऑरलांड, गायरांगर, सुन्निलव्ह आणि ताफ्योर्ड या पाच फ्योर्डमध्ये गंधक, नायट्रोजन ऑक्साइड आणि सांडपाण्याचे वेगळे, कडक नियम लागू झाले. मग २०२६ जवळ आलं तशी मेख मारली गेली. १ जानेवारी २०२६ पासूनची शून्य उत्सर्जनाची अट १०,००० ग्रॉस टनेजपेक्षा लहान प्रवासी जहाजांना. त्याहून मोठ्यांना २०३२ पर्यंत मुदत. आपल्याकडे 'हत्ती गेला, शेपूट राहिलं' म्हणतात. इथे शेपूट गेलं आणि हत्ती राहिला.

ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाचं वजन नव्हे, तर त्याच्या आतल्या बंदिस्त जागेवरून काढलेला आकडा. दोन तासांची फेरी मारणारी पर्यटक बोट काही शे टनेजची असते. तीन-चार हजार माणसं नेणारी जहाजं लाखाच्या पुढे असतात. १०,००० ची रेघ या दोघांच्या मधून जाते आणि ती लहानांच्या बरीच जवळ आहे.

पत्रकातले शब्द

जुनं, स्वस्त जहाजी इंधन म्हणजे जड तेल. कच्च्या तेलातून पेट्रोल-डिझेल काढून घेतल्यावर उरलेला गाळ, इतका घट्ट की तापवल्याशिवाय पंपातून सरकत नाही. त्यात गंधक भरपूर. २०२० पासून जगभरात जहाजी इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली. उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्रात तर २०१५ पासूनच ती ०.१ टक्का आहे. तेव्हा एखादी कंपनी 'आम्ही कमी गंधकाचं इंधन वापरतो' असं मिरवत असेल, तर ती फक्त कायदा पाळते आहे.

पळवाट होती स्क्रबरची. जड तेलच जाळायचं, पण धूर चिमणीतून बाहेर पडण्याआधी समुद्राच्या पाण्याने धुवायचा. हवा स्वच्छ राहते. धुतलेलं आम्लयुक्त पाणी मात्र सरळ समुद्रात. हवेतली घाण पाण्यात ढकलण्याच्या या प्रकाराला या पाच फ्योर्डमध्ये मनाई आहे. इतर बऱ्याच ठिकाणी तो अजून चालतो आणि पत्रकात 'अत्याधुनिक धूरशुद्धीकरण यंत्रणा' या नावाने वावरतो.

मग येतं एलएनजी, म्हणजे थंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू. इथे नीट लक्ष द्यायला हवं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एलएनजी जाळलं की गंधक आणि काजळी जवळजवळ नाहीच. कार्बन डायऑक्साइड तेलाच्या मानाने २० ते २५ टक्के कमी. फ्योर्डकाठच्या गावकऱ्याच्या फुप्फुसांचा विचार केला तर हे चांगलंच आहे. पण एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. इंजिनातून त्याचा थोडा भाग न जळता तसाच निसटतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. गळती किती, यावर सगळा फायदा अवलंबून. इंजिन जुन्या पद्धतीचं असेल तर हवामानाच्या बाबतीत मिळवलेलं सगळं गमावून बसायची वेळ येते. दगडापेक्षा वीट मऊ, एवढंच एलएनजीबद्दल म्हणता येईल. 'जगातलं सर्वांत स्वच्छ जहाज' अशी जाहिरात दिसली आणि खाली बारीक अक्षरात एलएनजी लिहिलेलं असलं, तर तिचा अर्थ अर्धाच घ्यायचा.

बायोगॅस हा रासायनिकदृष्ट्या तोच मिथेन, पण जमिनीखालून उपसलेला नाही, तर शेण, माशांचा टाकाऊ भाग, ओला कचरा यांपासून बनवलेला. नॉर्वेच्या नियमांत तो चालतो. पुरेसा मिळतो का, हा वेगळा प्रश्न.

आणि 'हायब्रिड'. याला काही ठरलेला अर्थच नाही. जहाजावर बॅटरी आहे, एवढंच त्यातून कळतं. ती इंजिनाला चिमूटभर हातभार लावते की बोट तासभर एकटीच ओढून नेते, हे विचारावं लागतं. नेमका प्रश्न असा: 'इंजिन पूर्ण बंद ठेवून, फक्त बॅटरीवर, किती वेळ?' उत्तरात तास किंवा मिनिटं आली तर ठीक. 'आमची पर्यावरणाशी बांधिलकी' आली तर समजून जायचं.

बॅटरीचा हिशेब

२०१५ मध्ये सोग्नफ्योर्डच्या लाव्हिक ते ओपेडाल या मार्गावर 'अँपिअर' ही बोट सुरू झाली. मोटारी वाहून नेणारी, पूर्ण बॅटरीवर चालणारी ही जगातली पहिली फेरीबोट. अंतर साधारण पावणेसहा किलोमीटर, वेळ वीस मिनिटं, एका खेपेला १२० गाड्या. पुढे २०१८ मध्ये खास पर्यटकांसाठी 'फ्यूचर ऑफ द फ्योर्ड्स' आली: कार्बन फायबरची, ४२ मीटर लांब, ४०० प्रवाशांची, फ्लोम ते गुडवांगेन अशी नॅरॉयफ्योर्डमधून जाणारी. तिची बॅटरी १.८ मेगावॉट-तासांची, म्हणजे १,८०० युनिट. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घराचं वर्षभराचं वीजबिल म्हणा.

हा आकडा डिझेलशी ताडून बघितला की मोठ्या जहाजांची अडचण उलगडते. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. म्हणजे एवढी अवाढव्य बॅटरी फक्त १८० लिटर डिझेलइतकी! डिझेल इंजिनात निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, ते धरलं तर फार फार ४००-४५० लिटरची बरोबरी होईल. दोन तासांच्या, सावकाश जाणाऱ्या हलक्या बोटीला ते पुरतं. आठवडाभर समुद्रात राहणाऱ्या, हजारो माणसांच्या जहाजाला तेवढ्याच कामासाठी इतक्या बॅटऱ्या लागतील की प्रवाशांना जागाच उरणार नाही. 'मोठ्या जहाजांना बॅटरी का लावत नाहीत' याचं उत्तर एवढंच आहे.

चार्जिंगची गंमत मला त्याहून आवडते. गुडवांगेन हे मूठभर घरांचं गाव. तिथे बोट वीस मिनिटांत भरायची तर पाच मेगावॉटच्या आसपास वीज एकदम ओढावी लागेल, आणि गावची लाइन त्या भाराने बसेल. म्हणून तिथे पाण्यावर एक तरंगता धक्का बांधला, ज्याच्या पोटात २.४ मेगावॉट-तासांच्या बॅटऱ्या आहेत. आपल्या सोसायटीत पालिकेचं पाणी बारीक धारेने रात्रभर टाकीत चढतं आणि सकाळी सगळे नळ एकदम सुटतात, तसंच. धक्का दिवसभर गावच्या लाइनवरून संथपणे भरत राहतो आणि बोट लागली की साठवलेली वीज तिच्यात धो धो ओततो. प्रवासी खाली उतरून कॉफी घेईपर्यंत काम झालेलं असतं.

बोटीची बांधणीही बघण्यासारखी आहे. बाहेरच्या बाजूने खालपासून वरच्या डेकपर्यंत उतरता मार्ग गुंडाळत नेलाय, डोंगरातल्या नागमोडी पायवाटेसारखा. खिडकीच्या जागेवरून कुरबुरी होत नाहीत, ज्याला जिथून बघायचं तिथून बघतो. आणि इंजिनाची घरघर नसल्यामुळे धबधबा दिसण्याआधी ऐकू येतो.

मोठ्यांना जमतच नाही असंही नाही. बर्गेन ते किर्केनेस या किनारी सेवेची सुरुवात १८९३ मध्ये, आधी थोड्या छोट्या मार्गावर झाली. जाऊन-येऊन बारा दिवस, वाटेत ३४ बंदरं. त्यावरची 'हाविला' कंपनीची जहाजं एलएनजीवर चालतात, पण त्यांत ६.१ मेगावॉट-तासांच्या बॅटऱ्या आहेत आणि त्यांवर ती सुमारे चार तास बिनधुराची जातात. त्यांतलं 'कॅस्टर' २०२२ मध्ये गायरांगरफ्योर्डमध्ये बॅटरीवरच जाऊन आलं. ही जहाजं १२४ मीटर लांबीची आणि १०,००० टनेजच्या वरची आहेत, म्हणजे त्यांना २०३२ पर्यंत सूट आहे. ६४० प्रवाशांपर्यंत हे साधतं. त्यापुढे गणित झपाट्याने बिघडत जातं.

बंदरातल्या धुरावर एक सोपा उपाय आहे: किनाऱ्यावरून वीज द्या आणि इंजिन बंद करा. सोपा म्हटलं तरी प्लग टोचण्याइतका सोपा नाही. बहुतेक जहाजांची वीज ६० हर्ट्झची आणि युरोपातली ५० ची, त्यामुळे मध्ये भलंमोठं रूपांतर केंद्र उभारावं लागतं. बर्गेनने ते २०२० मध्ये क्रूझ जहाजांसाठी उभारलं. युरोपीय संघात २०३० पासून मोठ्या बंदरांत प्रवासी जहाजांना ही वीज घ्यावीच लागेल. जहाजावर प्लगची सोय असणं आणि ते ज्या बंदरांत थांबणार तिथे वीज असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रकं पहिली सांगतात, दुसरीबद्दल अळीमिळी गुपचिळी.

हे सगळं नॉर्वेत शोभतं, कारण तिथली सुमारे ९० टक्के वीज धबधब्यांची आणि धरणांची आहे. कोळशाच्या विजेवर बॅटरी भरली तर धूर फक्त दुसरीकडे जातो. केरळने यावर स्वतःचा तोडगा काढला. वैक्कमजवळच्या बॅकवॉटरमध्ये २०१७ पासून 'आदित्य' ही सौर फेरीबोट चालते, छपरावरच पॅनेल. नॉर्वेपेक्षा ऊन आपल्याकडे जास्त, हे तिथल्या लोकांनी बरोबर हेरलं.

धूर नसला तरी गर्दी असते

समजा उद्या चार हजार माणसांचं जहाज पूर्ण शून्य उत्सर्जनाचं झालं. तरी दोन-अडीचशे वस्तीच्या गावात चार हजार माणसं एकाच वेळी उतरणारच. त्याला बॅटरीचं औषध नाही. बर्गेनने म्हणूनच एका दिवसात येणाऱ्या क्रूझ प्रवाशांवर ८,००० ची मर्यादा घातली. ब्रिगेन हा तिथला लाकडी घरांचा जुना व्यापारी धक्का १९७९ पासून जागतिक वारसा आहे. त्याच्यामागच्या बोळांतून दोन माणसं शेजारी शेजारी चालली तरी खांदे घासतात. ८,००० सुद्धा मला जास्तच वाटतात. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डमध्ये तर २०२५ पासून संरक्षित भागात २०० हून जास्त प्रवाशांच्या जहाजाला प्रवेशच नाही. नियम बघितला की कळतं, तिथेही मोजमाप आकाराचंच.

डोंगरवाटांचंही तेच. ट्रोलटुंगा हा समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटरवरचा, तळ्यावर जिभेसारखा बाहेर आलेला कातळ. २०१० मध्ये तिथे वर्षाला हजारभरसुद्धा लोक जात नव्हते. सोशल मीडियावर फोटो फिरले आणि २०१६ मध्ये आकडा ८०,००० च्या घरात गेला. जाऊन-येऊन २७ किलोमीटर, दहा ते बारा तास. हे न वाचता कापडी बूट घालून आलेल्यांना उतरवायला बचावपथकं पळवावी लागली. मग पार्किंग मर्यादित झालं, शटल बस आली, वाटेवर मार्गदर्शक नेमले. हंगाम जून ते सप्टेंबर. बाकीच्या काळात वाटाड्याशिवाय त्या वाटेला जाऊच नये.

क्रूझवाल्यांना ट्रोलटुंगा सहसा दिसतच नाही, कारण जहाज बंदरात आठ-दहा तासच थांबतं. ज्याला खरोखर चालायचंय त्याने जहाजाचा नाद सोडावा आणि ट्रोलटुंगाजवळच्या ओड्डा गावात दोन रात्री राहावं. एवढं चालणं झेपणार नसेल तर स्टॅव्हँगरजवळचा प्रेकेस्टोलेन आहे. ६०४ मीटरचा सरळसोट कडा, जाऊन-येऊन ८ किलोमीटर. तिथली पायवाट दगडांनी बांधून काढली ती नेपाळच्या शेर्पांनी. बर्गेनच्या उलरिकेन डोंगरावरच्या १,३०० हून जास्त पायऱ्याही त्यांच्याच हातच्या. हजारो बूट एकाच मातीवर पडले की वाट फुटते, लोक चिखल टाळून कडेने चालतात आणि वाट रुंदावत जाते. पावसाळ्यात आपल्या गडांवर हे कुणीही बघितलं असेल. दगडी पायऱ्या माणसांना एका ओळीत ठेवतात.

नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम सांगितलेले असतात. आठवा म्हणतो, वेळेत मागे फिरा, परतण्यात कमीपणा नाही. सह्याद्रीतल्या प्रत्येक ट्रेक ग्रुपने पाठ करावा असा आहे.

मग जायचं कसं

आधी एक कडू गोष्ट. मुंबई ते ओस्लो हे अंतर एका दिशेने साडेसहा हजार किलोमीटरच्या वर आहे. जाऊन-येऊन माणशी टनभर तरी कार्बन डायऑक्साइड विमानातच खर्ची पडतो. विजेच्या बोटीत बसून तो भरून निघत नाही. करता येण्यासारखं एकच, विमान एकदाच आणि मुक्काम लांब. बारा दिवसांत चार देश दाखवणाऱ्या सहलींत जी 'रात्रीची क्रूझ' असते, म्हणजे कोपनहेगन-ओस्लो किंवा स्टॉकहोम-हेलसिंकी, ती खरं तर मोठी फेरीबोट आहे, खाली ट्रक आणि वर केबिन. मजा येते, पण त्याला इको-क्रूझ समजून जास्त पैसे मोजू नयेत.

मला विचाराल तर ओस्लोहून बर्गेनची रेल्वे धरावी. फिन्से स्टेशनला ती १,२२२ मीटर उंचीवर पोचते आणि जुलैतसुद्धा आजूबाजूला बर्फ असतो. मिरदालला उतरून फ्लोमची गाडी, २० किलोमीटरांत ८६० मीटरहून जास्त उतार. फ्लोमहून विजेची बोट दोन तासांत नॅरॉयफ्योर्डमधून गुडवांगेनला नेते. तिथून बसने व्हॉस आणि परत रेल्वेने बर्गेन. तेवढी बस सोडली तर जवळजवळ सगळा प्रवास विजेवर. एका दिवसात होतो, पण फ्लोम किंवा ऑरलांडला रात्र काढलीत तर जास्त बरं. जेवण महाग आहे. सुपरमार्केटमधून ब्रेड-चीज घ्यावं आणि सोबत दशम्या-चटणी असली तर उत्तमच. रेनकोट मात्र विसरू नका, बर्गेनला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो.

तारीख ठरवताना एक काम करा. बर्गेन, फ्लोम, गायरांगर ही बंदरं कुठलं जहाज कुठल्या दिवशी येणार याची यादी बरीच आधी आपापल्या वेबसाइटवर लावतात, प्रवासीसंख्येसकट. फ्लोमला मोठं जहाज नसलेला दिवस त्यात शोधा, आधी त्या दिवसाचं बोटीचं तिकीट काढा आणि मग विमानाचं.